मामा तलावांच्या मुलखात

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी पूर्वेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटून, भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे आहेत. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्याआधी सगळा मिळून एकच भंडारा जिल्हा होता आणि भूगोलाच्या पुस्तकात त्याची ओळख दोन शब्दांत असायची : तलावांचा जिल्हा. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे लिहा, अशा प्रश्नांत हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कामी आले. पण हे तलाव तिथे आले कसे, हा प्रश्न कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नसायचा.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, भूगोल नाही. तरी सहलीला मुलींना घेऊन नवेगाव बांधच्या पाळीवर उभी होते, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, हा तलाव कुदरती आहे ना?" समोर पाणीच पाणी, पलीकडे टेकड्यांची रांग आणि तिच्यावर दाट जंगल. तिला तसं वाटणं साहजिक होतं. मी तिला म्हटलं, "टेकड्या कुदरती, पाऊस कुदरती. पण आपण जिच्यावर उभ्या आहोत ती पाळ माणसांनी घातलेली. ती नसती तर हे सगळं पाणी पावसाळ्यातच नदीला मिळालं असतं." मुली एकदम पायांखाली बघू लागल्या. त्यांच्या त्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर म्हणजे हा लेख.

मामा कोण?

या भागात कुणालाही विचारा, "हा तलाव कोणाचा?" उत्तर येईल, "मामा तलाव." मुलांना हसू येतं. कोणाचा मामा? खरं तर हा सरकारी कागदांतला शब्द आहे. माजी मालगुजारी तलाव, त्यातला 'मा' आणि 'मा' घेऊन लोकांनी 'मामा' केला आणि तोच बोलण्यात रुळला.

मालगुजारी हा शब्द आपल्या घरातला. फारसीतून उर्दूत आला आणि उर्दूतून कचेरीत गेला. माल म्हणजे इथे जमिनीचा महसूल, आणि गुजार म्हणजे तो भरणारा. इंग्रजांनी मध्य प्रांतात गावाचा महसूल भरण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली, त्याला गावाची मालकीही दिली. तो मालगुजार. गावचा तलावही त्याच्या नावावर. १९५० साली मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. तलाव सरकारजमा झाले. मालगुजार माजी झाले, तलावांना मात्र त्यांचं नाव चिकटून राहिलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव नोंदलेले आहेत.

मालगुजारांचं नाव लागलं, पण यांतले अनेक तलाव त्यांच्याही आधीचे. ते बांधण्यात सगळ्यांत मोठा वाटा होता कोहळी समाजाचा. कोहळी मूळचे बनारसकडचे, अशी त्यांची परंपरा सांगते. चांद्याच्या गोंड राजांनी त्यांना इथे वसवलं. जंगल साफ करून जो तलाव बांधेल, त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन मिळेल, अशी राजाची सनद असल्याचं इथले लोक आजही सांगतात. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच येते. भात आणि ऊस पिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि दोन्ही पिकांना पाणी लागतं.

पाऊस भरपूर, मग तलाव कशाला?

पुण्या-मराठवाड्याकडच्या वाचकांना हा प्रश्न पडेल. या भागात सरासरी १३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा ऐकूनच समाधान वाटावं. पण हा पाऊस येतो तीन-साडेतीन महिन्यांत. खाली कठीण खडक, वर मातीचा थर बऱ्याच जागी पातळ. पाणी जमिनीत मुरण्याआधी उतारावरून नाल्यात, नाल्यातून चुलबंद, गाढवी अशा नद्यांत आणि शेवटी वैनगंगेत निघून जातं.

पीक धानाचं. धानाची रोवणी झाली की बांधीत पाणी उभं असावं लागतं. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली की रोवलेलं धान पिवळं पडतं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लोंबीत दाणा भरण्याच्या वेळी एक पाणी कमी पडलं तर सगळी मेहनत पोचट निघते. म्हणजे प्रश्न पाऊस कमी पडण्याचा नाही, तो वेळेवर नसण्याचा आहे. आलेला पाऊस धरून ठेवायचा आणि नेमका त्या एका पाण्याला सोडायचा, एवढ्यासाठी हे हजारो तलाव.

त्यांची रचना साधी, पण विचार करून केलेली. दोन टेकड्यांमधली किंवा उतारावरची नेमकी जागा हेरायची आणि तिथे मातीची पाळ घालायची. पाळीच्या मागे जंगल राखायचं, म्हणजे पाणी येतं पण माती कमी येते. पाणी सोडण्यासाठी पाळीत मोरी ठेवायची, तिला इथे तुडूम म्हणतात. जास्तीचं पाणी पाळ न फोडता निघून जावं म्हणून एका बाजूला सांडवा ठेवायचा, तो सलांग. सलांगावरून निघालेलं पाणी खालच्या तलावात, त्याचं जास्तीचं त्याच्या खालच्या तलावात. शिवाय शेताशेतांत छोट्या बोड्या. असा एकाच्या ओंजळीतून दुसऱ्याच्या ओंजळीत पाण्याचा प्रवास. कुणाच्या बांधीला कधी आणि किती पाणी द्यायचं हे बघायला गावाने नेमलेला पाणकर असे. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून शेतात टाकायचा. तलाव खोल होई आणि शेताला फुकटचं खत मिळे.

कोलू पाटलांचं नवेगाव

या मुलखात गावांच्या नावांतच तलाव आहे. नवेगाव बांध, शिवनी बांध, सिरेगाव बांध. बांध म्हणजेच तलावाची पाळ. यांत सगळ्यांत प्रसिद्ध नवेगाव बांध, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. तलावाला वेढा घालून बसलेल्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. या सात बहिणींनी पाळ घालायला कोलू पाटलांना मदत केली, अशी लोककथा आहे. टेकड्यांनी तीन बाजूंनी पाणी अडवून धरलं, माणसाने फक्त उरलेली वाट बंद केली, हीच गोष्ट गावाने आपल्या भाषेत सांगितली आहे. पाळीवर कोलासूर देवाचं ठाणं आहे. तो कोलासूर म्हणजे कोलू पाटीलच. गावाने आपल्या तलाव बांधणाऱ्याला असं लक्षात ठेवलं.

१९७५ मध्ये नवेगावच्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जवळचं नागझिरा अभयारण्य १९७० सालचं. २०१३ मध्ये ही दोन्ही आणि लगतची जंगलं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, रानकुत्रे, सांबर, चितळ, नीलगाय इथे आहेत. कान्हा, पेंच आणि ताडोबा या मोठ्या जंगलांना जोडणारी वाट इथून जाते, म्हणून या जंगलाचं मोल त्याच्या आकाराहून मोठं. उमरेड-कऱ्हांडल्यात जाऊन देशभर गाजलेला 'जय' हा वाघ मूळ नागझिऱ्याचाच. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून इथे सोडण्यात आल्या.

नवेगाव बांध म्हटलं की मराठी वाचकाला मारुती चितमपल्ली आठवतात. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले आणि इथल्या कोहळी, ढिवर, गोंड जाणत्यांकडून पाखरांची, झाडांची, माशांची नावं आणि सवयी शिकत गेले. 'नवेगाव बांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक याच काळाचं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

इथलं पक्षी अभयारण्य डॉ. सलीम अली यांच्या नावाने ओळखलं जातं. मुंबईच्या एका मुस्लिम कुटुंबातला हा मुलगा लहानपणीच अनाथ झाला, मामांकडे वाढला आणि एका चिमणीच्या कुतूहलापायी भारताचा सगळ्यांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोघांच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. आपल्या शाळांत तो साजरा होत नसेल तर मुख्याध्यापकांना एवढं सांगून बघा. खर्च काहीच नाही. मुलांना घेऊन सकाळी गावच्या पाण्यावर जायचं, एवढंच.

थंडीत या पाण्यावर पाहुणे येतात. चक्रवाक, लालसरी, थापट्या, तलवार बदक. पट्टकादंब हा हंस तर हिमालय ओलांडून विदर्भातल्या तलावांवर उतरतो. घरचे पक्षी बारा महिन्यांचे : पाण्यात बुडी मारून भलतीकडेच डोकं काढणारी टिबुकली, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालत जाणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई.

धानाच्या बांधीतले लैला-मजनूं

या सगळ्या पाखरांत मानाचा सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच, उभा राहिला की जवळजवळ सहा फूट. राखाडी अंग, लाल मान, संथ चाल. महाराष्ट्रात आज तो गोंदिया आणि भंडारा याच भागात टिकून आहे. चंद्रपुरात एखाद-दुसराच दिसतो. गोंदिया तालुक्यातले परसवाडा आणि झिलमिली हे तलाव त्याच्या आवडीचे. दर उन्हाळ्याअखेरीस होणाऱ्या गणनेत अलीकडे गोंदिया-भंडाऱ्याचा आकडा पन्नाशीच्या आतच राहिला आहे. एका लग्नाच्या पंगतीतही याहून जास्त माणसं असतात.

सारसाची जोडी जन्मभराची. जोडीदार मेला तर दुसरा अन्नपाणी सोडतो अशी लोकांत समजूत आहे. मुघल बादशहा जहांगीरला या पक्ष्याचं फार कौतुक होतं. त्याने सारसाची एक जोडी पाळली, त्यांची नावं लैला आणि मजनूं ठेवली. एवढ्यावर न थांबता त्यांचं जुळणं, अंडी घालणं, अंड्यांवर कोण कधी बसतं आणि तेव्हा दुसरा काय करतो, हे सगळं नीट पाहून 'तुज़ुक-ए-जहांगीरी'त लिहून ठेवलं. सारसाच्या विणीचं इतकं बारीक निरीक्षण त्या काळात दुसऱ्या कोणी केल्याचं क्वचितच सापडेल. उर्दूच्या तासाला लैला-मजनूंचा विषय निघाला की मी हा किस्सा सांगते. मुलं प्रेमकथेसाठी कान टवकारतात आणि पक्षिशास्त्र शिकून जातात.

सारस घरटं करतो पावसाळ्यात, पाणथळीच्या उथळ कडेला किंवा सरळ धानाच्या बांधीत. गवत आणि धानाच्या काड्यांचा ढीग, त्यावर बहुधा दोन अंडी. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. घरट्याला लागणाऱ्या जागेपुरतं धान जातं. म्हणजे सारसाचं घर हे एखाद्या शेतकऱ्याचं नुकसान असतं आणि ते सोसायला तो तयार आहे की नाही यावर पिल्लाचं जगणं ठरतं. गोंदियातल्या 'सेवा' या संस्थेने आणि वन विभागाने अशा शेतकऱ्यांशी वर्षानुवर्षे बोलून त्यांतून सारस-मित्र तयार केले. आपल्या बांधीत सारस बसला म्हणून अभिमानाने सांगणारी घरं आज तिथे आहेत.

तरीही आकडा वाढत नाही. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांना हा मोठ्या पंखांचा पक्षी धडकतो आणि मरतो. धानावर मारलेली कीटकनाशकं त्याच्या खाण्यात जातात. कुत्री अंडी-पिल्लं खातात. पाणथळीच्या कडा भरून शेतं होतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि प्रशासनाला आराखडे करायला लावले. पण आदेश न्यायालयातून निघतो आणि सारस राहतो बांधीत. मधलं अंतर गावालाच चालावं लागतं.

पाण्याखालची शेती

तलाव म्हणजे फक्त पाणी नाही, हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे ते ढिवर. मासेमारी हा त्यांचा पिढीजात धंदा. मरळ, शिंगी, मांगूर असे गावठी मासे, शिंगाडा, कमळकंद, आपोआप उगवणारं देवधान, हे सगळं त्यांना तलावाने दिलं. तलावाच्या तळाशी आणि उथळ कडेला कितीतरी पाणवनस्पती उगवतात. काहींच्या पानांखाली मासे अंडी घालतात, काही माशांचं खाणं असतात, काहींत पक्षी घरटी करतात. वनस्पती गेली की मासा जातो, मासा गेला की पाखरू जातं आणि ढिवराच्या घरची चूल थंडावते.

आणि झालं तसंच. मालगुजारी गेली, तेव्हा जुलूम करणाऱ्या मालकांपासून गावांची सुटका झाली हे खरं. पण तलावाची रोजची देखभाल, दरवर्षीचा गाळ, पाणकराचा शब्द, हेही हळूहळू सुटत गेलं. तलाव सरकारचा, म्हणजे आपला नाही, असं लोकांना वाटू लागलं. गाळ साठला. दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम नावाची वनस्पती काठांवर पसरली. नाव अगदी शोभणारं : तोडली तरी फुटते, गुरं तोंड लावत नाहीत आणि तिच्या मुळांत गाळ अडकून तलाव कडेकडेने भरत येतो. उत्पन्न वाढावं म्हणून बाहेरच्या जातींचं मत्स्यबीज सोडलं गेलं, त्यांतल्या काहींनी पाणवनस्पती फस्त केल्या. शेतातली खतं-औषधं वाहून तलावात आली.

यावर उपाय शोधला तो ढिवरांनीच, आणि त्यात बायका पुढे होत्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि अर्जुनी मोरगाव भागातल्या मच्छीमार सहकारी संस्था यांनी मिळून आधी म्हाताऱ्या माणसांना विचारून कोणत्या तलावात पूर्वी काय उगवायचं याची यादी केली. मग उन्हाळ्यात, तलाव आटलेला असताना, बायकांनी बेशरम मुळासकट उपटली. तलावाचा काठाजवळचा भाग शेतासारखा नांगरला. पाऊस आला की चांगल्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पतींची रोपं चिखलात लावली, थेट धानाच्या रोवणीसारखी. ज्या बायकांना पूर्वी मासेमारीच्या बैठकीत जागा नव्हती, त्या आता कोणत्या तलावात काय लावायचं हे ठरवू लागल्या. त्या तलावांत गावठी मासे परतले, आणि त्यांच्या मागे पाखरंही.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तलाव वाचवायचा म्हणजे यंत्र आणून सगळा एकसारखा खोल खणायचा, असं आपल्याला वाटतं. गाळ काढायलाच हवा. पण काठाचा उथळ भागही खणून टाकला तर पाणी साठतं आणि तलावातलं जगणं संपतं. पाणवनस्पती तिथेच उगवतात, मासा अंडी तिथेच घालतो, सारस चरतो तोही तिथेच. खोल पाणी धानाला लागतं आणि उथळ पाणी बाकी सगळ्यांना. जुन्या तलावांत दोन्ही होतं.

एकाच वाटेवरचे यात्रेकरू

हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. बोली झाडीबोली. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, दंडार होते. झाडीपट्टी रंगभूमीचं वेळापत्रकही असं धानावर, म्हणजे शेवटी तलावावर बेतलेलं.

इतिहासात डोकावलं तर आपल्याही खुणा दिसतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने नागपूर शहर वसवलं, त्याने इस्लाम स्वीकारला होता. त्याने ठिकठिकाणाहून शेतकरी आणि कारागीर, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, बोलावून या प्रदेशात वसवले. तुमसरजवळचा अंबागड हा किल्ला त्याचा सरदार राजा खान पठाण याने सन १७०० च्या सुमारास बांधला. तुमसर भागातले पोवार शेतकरीही याच काळात उत्तरेकडून येऊन स्थिरावले. परका कोण आणि इथला कोण, याचा हिशेब या तलावांच्या काठी कधी फार ताणला गेला नाही. जो पाळीला माती देई तो इथला.

नवेगाव बांधपासून फार दूर नाही ते प्रतापगड. डोंगरावर जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेवाचं स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या गावांहून माणसं चालत, बैलबंड्यांनी, आता गाड्यांनी येतात. एकाच वाटेने कुणी महादेवाकडे जातो, कुणी दर्ग्याकडे, आणि पुष्कळजण दोन्हीकडे. ही यात्रा कुठल्या समितीने सलोख्यासाठी ठरवून सुरू केलेली नाही. लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ते तसंच ठाऊक आहे.

आणखी एक वस्ती पाहण्यासारखी. गाढवी नदीवर १९७० मध्ये इटियाडोह धरण झालं. त्याच परिसरात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वसाहत आहे. हिमालयापलीकडची माणसं धानाच्या मुलखात येऊन शेती करू लागली, स्वेटर विकू लागली, त्यांची मुलं मराठी बोलू लागली. थंडीत पट्टकादंब हंस येतात तेही त्याच वाटेने. हंस मार्चमध्ये परत जातात. माणसांना मात्र परत जाता आलेलं नाही.

जायचं ठरवलंत तर

गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं जंक्शन. नागपूरहून रस्त्याने साकोलीमार्गे नवेगाव बांध तीन तासांच्या आत येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा काळ. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचे दरवाजे बंद असतात, तेव्हा चौकशी करूनच निघा. दुर्बीण एक असली तरी घरभर पुरते. मुलांना पांढरे, लाल असे भडक कपडे घालू नका आणि गाणी लावू नका. सारस दिसला तर मोबाइल घेऊन बांधीत उतरू नका. घरट्यावरचा पक्षी उठला की तेवढ्या वेळात कावळे आणि कुत्री अंडी साफ करतात. शिवाय ती बांधी कुणाच्या तरी वर्षभराच्या भाताची असते.

आणि गोंदियापर्यंत जाणं जमलं नाही तरी हरकत नाही. बहुतेक गावांजवळ एखादा जुना तलाव, बारव किंवा बंधारा असतो. रविवारी मुलांना तिथे न्या. तो कोणी बांधला, पाणी कुठून येतं, जास्तीचं कुठे जातं, गाळ शेवटचा कधी काढला, त्यात पूर्वी कोणते मासे मिळायचे, हे पाच प्रश्न गावातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारायला सांगा. उत्तरं वहीत लिहून घ्या. अर्जुनी मोरगावच्या ढिवर बायकांचं काम अशाच एका यादीपासून सुरू झालं होतं. ज्या तलावाबद्दल विचारणारं कोणी उरत नाही, त्याच्या काठावर बेशरम आधी येते आणि प्लॉट पाडणारे मागून येतात.

नवेगावच्या पाळीवर तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी टोपलीने माती टाकली. त्या टोपल्या वाहणाऱ्यांपैकी कुणाचं नाव आपल्याला माहीत नाही. त्यांनी अडवलेलं पाणी यंदाही धानाला मिळालं, ढिवराच्या जाळ्याला मासा मिळाला आणि सारसाच्या पिल्लाला उथळ काठ मिळाला. आपल्या हातात ती पाळ अमानत म्हणून आलेली आहे. मुलांच्या हातात देताना ती निदान फुटलेली नसावी.